मदत हवी आहे: अक्वायनसच्या ‘एस्से’ला मराठीत काय म्हणावं?

मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या लॅटिन ग्रंथातला ईश्वराच्या अस्तित्वाच्या पाच मार्गांचा भाग (भाग १, प्रश्न २, लेख ३) मराठीत आणतोय. मांडणी आपल्या ओळखीची आहे: आधी दोन आक्षेप, मग बायबलच्या निर्गम ३:१४ मधलं ‘मी आहे तो आहे’, मग लेखकाचं उत्तर, शेवटी आक्षेपांचं खंडन. आक्षेपांना ‘पूर्वपक्ष’ चपखल बसतं. मधल्या ‘सेद कोन्त्रा’ला मात्र ‘सिद्धान्त’ म्हणू नये. ते नुसतं विरुद्ध बाजूचं प्रमाणवचन, सिद्धान्त त्यानंतर येतो.

खरी अडचण ‘एस्सेन्तिया’ आणि ‘एस्से’ या जोडीची. वस्तू काय आहे ते पहिलं, ती आहे हे दुसरं. ईश्वरात दोन्ही एकच, हा अक्वायनसचा गाभा, म्हणून इथे शब्द चुकला तर सगळंच निसटतं. ‘सत्त्व’ लिहिलं की रज-तम मागोमाग येतात. ‘सत्ते’ला राजकारणाचा वास. ‘स्वरूप’ घ्यावं तर ‘फॉर्मा’ला (वस्तूला घडवणारं रूप) काय उरणार? सध्या ‘काय-पण’ आणि ‘असणं’ लिहितोय. पहिला शब्द कानाला खटकतो.

वसईकडच्या फादरांच्या लेखनात किंवा तत्त्वज्ञानाच्या वर्गात रुळलेली जोडी ठाऊक असेल तर एखाद्या वाक्यासकट सांगाल का?