‘प्राथमिक संरचना’ म्हणजे कच्ची संरचना?

खडूफळा :
अकरावीला जीवशास्त्र शिकवतो. मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, सायन्स घेतलं की एकदम इंग्रजी पुस्तक हातात. म्हणून प्रत्येक धडा आधी मराठीत बोलून घेतो. परवा प्रथिनांवर आलो आणि फळ्यावर एकाखाली एक लिहिलं : प्राथमिक संरचना, द्वितीयक, तृतीयक, चतुर्थक. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, प्राथमिक म्हणजे कच्ची ना? पक्की झाल्यावर ती राहत नसेल.”

मी “तसं नाही” म्हणून पुढे गेलो, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. चूक तिची नव्हतीच. प्राथमिक अंदाज, प्राथमिक चौकशी, प्राथमिक फेरी, प्राथमिक उपचार. आपल्याकडे ‘प्राथमिक’ म्हटलं की खरं काय ते पुढे यायचं असतं. अंतिम अहवाल आला की प्राथमिक अहवाल रद्दीत. प्रथिनात मात्र प्राथमिक संरचना म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लांचा, म्हणजे तिच्या एकेका दुव्याचा, क्रम. तो तसाच राहतो आणि वरच्या तिन्ही संरचना त्याच्याच जिवावर उभ्या असतात. दुसरा शब्द आहे का कुणाकडे?

चहाबिस्किट :
‘मूळ संरचना’ म्हणा की.

खडूफळा :
म्हणून पाहिलं. लगेच पुढचा प्रश्न आला, “मग बदललेली कोणती?”

जुनी प्रयोगशाळा :
पुस्तकातला शब्द बदलायच्या फंदात पडू नका, परीक्षेत तोच लिहायचाय. हे पहिली-दुसरी-तिसरी प्रकरण लिंडरस्ट्रॉम-लांग या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९५१ च्या व्याख्यानांत मांडलं, चौथी पायरी ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्नाल यांनी १९५८ मध्ये जोडली. त्यांच्या भाषेत चाललं, आपल्याकडे विशेषणाने घोळ केला. बोलताना सरळ क्रियापदं वापरा. मी तसंच सांगायचो : आधी ओवणं, मग पीळ, मग घडी, आणि अशा घड्या घातलेल्या साखळ्या एकत्र बसल्या तर जोडणी. (द्वितीयक संरचनेत पिळाखेरीज चुण्यांसारखे पापुद्रेही असतात, ते नंतर सांगता येतं.) तर प्राथमिक संरचना म्हणजे ओवणी.

मोगऱ्याचा गजरा होताना बघा. दोऱ्याच्या एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला सुई. पहिलं फूल गाठीशी जाऊन बसतं, नवं फूल कायम सुईच्या बाजूने येतं. पेशीत प्रथिनं जिथे बनतात त्या रायबोसोमवर हेच चालतं, फक्त फुलांच्या जागी अमिनो आम्लं. गाठीकडचं ते एन-टोक, तिथल्या आम्लाचा अमिनो गट मोकळा. सुईकडचं ते सी-टोक, तिथे कार्बॉक्सिल गट मोकळा. वाचायचं एन-टोकाकडून. म्हणूनच ग्लायसिन-ॲलानिन आणि ॲलानिन-ग्लायसिन हे दोन वेगळे रेणू, जसे ‘वन’ आणि ‘नव’ हे दोन वेगळे शब्द. एकच गोष्ट गजऱ्यासारखी नाही : इथे दोरा नसतो. फुलंच एकमेकांचे हात धरतात. एकाचा कार्बॉक्सिल, दुसऱ्याचा अमिनो, मधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. फुलांच्या जाती वीस.

आता तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं, चीक वाफवला की खरवसाच्या वड्या पडतात. झालं काय? उष्णतेने घडी विस्कटली, पीळ सुटले, सुटलेल्या साखळ्या एकमेकींत अडकल्या. ओवणी मात्र शाबूत. पेप्टाइड बंध असे चुलीवर तुटत नाहीत. प्रयोगशाळेत ते तोडायला आम्ही नमुना सहा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, बंद नळीत, ११० अंश सेल्सिअसला चोवीस तास ठेवायचो. (पोटात पेप्सिन हेच काम ३७ अंशांवर करतं, पण ते विकर, म्हणजे एन्झाइम, पडलं.)

ओवणी शाबूत असेल तर घडी परत बसेल का? अंड्याची बसत नाही, गुंता फार झालेला असतो. पण अमेरिकन शास्त्रज्ञ ॲन्फिन्सन यांनी १२४ अमिनो आम्लांचं रायबोन्यूक्लिएज हे विकर घेतलं, युरियाने घडी मोडली, साखळीतल्या गंधकाच्या अणूंमधले बंधही सोडवले. मग युरिया काढून टाकला आणि हवेतला ऑक्सिजन मिळू दिला. विकर पुन्हा कामाला लागलं! घडी कशी घालायची हे ओवणीतच होतं. १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमागे हे काम आहे. आता सांगा, कच्ची कोणती आणि पक्की कोणती.

शब्दवेल्हाळ :
‘घडी विस्कटली, ओवणी शाबूत’ हे फार आवडलं. संसाराची घडीही आपण बसवतो आणि विस्कटतो, त्यामुळे मुलांना वेगळं समजवायला नको. गंमत म्हणजे ‘प्रोटीन’ हा शब्दसुद्धा ‘पहिला’च. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी तो १८३८ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांना पत्रातून सुचवला, ग्रीकमधल्या ‘पहिल्या दर्जाचा’ या अर्थाच्या शब्दावरून. आपल्या ‘प्रथिना’तही ‘प्रथम’ ऐकू येतोच. म्हणजे ‘प्रथिनाची प्राथमिक संरचना’ ही पहिल्याची पहिली झाली.

माझं खरं दुखणं ‘अवशेष’ आहे. “इन्सुलिनमध्ये अमिनो आम्लांचे ५१ अवशेष असतात” असं वाचलं की डोळ्यांपुढे रायगडावरची बाजारपेठ येते.

जुनी प्रयोगशाळा :
हा हा. पण ‘अवशेष’ अर्थाने चुकीचा नाही. हात धरताना पाणी निघून गेलं, मग साखळीत जे उरलं ते अख्खं अमिनो आम्ल नव्हे, म्हणून अवशेष. तरी वर्गात मी ‘मणी’च म्हणायचो.

इन्सुलिन काढलंत म्हणून एक प्रश्न देतो, मुलांना घाला. ५१ मणी, पेप्टाइड बंध किती? पोरं डोळे मिटून ५० सांगतात. उत्तर ४९. कारण साखळ्या दोन : एक २१ ची, एक ३० ची. वीस आणि एकोणतीस. त्या दोघींना धरून ठेवतात ते गंधकाचे बंध, पेप्टाइड नव्हेत. काही पुस्तकं या गंधकाच्या बंधांच्या जागाही प्राथमिक संरचनेत धरतात, तेव्हा तुमच्या पुस्तकाची व्याख्या बघून घ्या.

हा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी केंब्रिजला लावला, गायीच्या इन्सुलिनवर. युक्ती बघा : एन-टोकाच्या मोकळ्या अमिनो गटाला चिकटून पिवळा रंग देणारं एक रसायन लावायचं, मग साखळी तोडायची. पिवळं निघालं ते पहिलं फूल. लहान लहान तुकडे करून प्रत्येकाचं पहिलं फूल ओळखायचं आणि एकमेकांवर येणारे तुकडे जुळवत बसायचं. १९५५ पर्यंत पूर्ण चित्र हाती आलं, १९५८ ला नोबेल. एखाद्या प्रथिनाची ओवणी ठरलेलीच असते, कुठलंही फूल कुठेही येत नाही, हे त्यामुळे पक्कं झालं.

वैनगंगाकाठ :
मी गडचिरोलीकडची. आमच्याकडे हा धडा पुस्तकात नाही, घरात असतो. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. मुलांना ‘एएस’ आणि ‘एसएस’ माहीत असतं, वाहक कोण आणि रुग्ण कोण तेही. पण नेमकं बिघडतं काय, ते विचारलं की “रक्त खराब” एवढंच.

मी फळ्यावर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची सुरुवात लिहिते : व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्यूसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल. साखळी १४६ ची. मग सहावं पुसून तिथे व्हॅलिन लिहिते. बस, एवढंच. बाकी १४५ जागच्या जागी. ग्लुटामिक आम्लावर भार असतो, ते पाण्यात रमतं. व्हॅलिन पाण्याला टाळतं. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू त्या जागी एकमेकांना चिकटून लांब दोर होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. हा एका मण्याचा बदल जीवरसायनशास्त्रज्ञ इन्ग्रम यांनी १९५७ मध्ये दाखवला.

‘प्राथमिक’ला कच्चं म्हणणाऱ्या मुलीला हे सांगा, सर.

खडूफळा :
आज सांगितलं. मोगरा मिळाला नाही, झेंडू आणि शेवंती घेऊन गेलो, वर्गातच ओवलं. सहावं फूल बदलून दाखवलं. वर्ग शांत. मग तीच मुलगी, मोबाइल काढून : “सर, इथे तर सातवं लिहिलंय.”

जुनी प्रयोगशाळा :
शाब्बास तिची! दोन्ही बरोबर. ओवायला सुरुवात होते तेव्हा गाठीशी पहिलं फूल मेथिओनिनचं असतं, पुढे पेशी ते खुडून टाकते. जुनी माणसं तयार गजरा मोजतात, म्हणून सहावं. जनुकावरून नाव देणारी नवी पद्धत खुडलेलं फूलही मोजते, म्हणून सातवं. तिला दोन्ही आकडे वहीत लिहायला सांगा.