इंग्रजी वाक्यं जोडताना बट, दॅट, अनटिल, हाउएव्हरचा घोळ: नेमका काय सराव करू?

शब्दगोंधळ
नमस्कार मंडळी. कामासाठी रोज इंग्रजीत ईमेल आणि अहवाल लिहिते. काळ, आर्टिकल वगैरे बऱ्यापैकी जमतात, पण दोन वाक्यं जोडायला गेलं की बिनसतं. तपासणारं सॉफ्टवेअर लाल रेघ मारतं, का मारली ते धड सांगत नाही. नमुने देते:

१. ऑल्दो द सर्व्हर वॉज डाउन, बट वी फिनिश्ड द वर्क.
२. द रिपोर्ट इज रेडी, हाउएव्हर द चार्ट्स आर मिसिंग.
३. प्लीज वेट अनटिल आय डोन्ट कॉल यू.
४. ही आस्क्ड मी दॅट व्हेन विल द फाइल कम.

वेळ रोज वीस मिनिटं, तीन आठवडे. क्लास नको, जाडजूड पुस्तक नको. एवढ्यात बसेल असा सराव सुचवा.

पायाभरणी
तीन आठवड्यांत व्याकरण होत नसतं, सहा महिने धरा. आधी क्लॉज पक्का करा, मग फ्रेज, मग साधं, संयुक्त आणि मिश्र वाक्य. मराठीतली उभयान्वयी अव्ययं आणि त्यांचे प्रकार येत नसतील तर तिथून सुरू करा. पाया कच्चा ठेवून वर मजले चढवायची घाई सगळ्यांनाच असते.

लालपेन
बाईंनी वेळ सांगितलाय, तो वाचा की आधी. चारही वाक्यं दुरुस्त करून देतो.

१. 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा, दोन्ही नको. 'ऑल्दो द सर्व्हर वॉज डाउन, वी फिनिश्ड द वर्क' किंवा 'द सर्व्हर वॉज डाउन, बट वी फिनिश्ड द वर्क'. आपण 'जरी' म्हटलं की 'तरी' आपसूक येतं, ते तसंच इंग्रजीत उतरतं. 'बिकॉज… सो', 'अ‍ॅज… देअरफोर' ही त्याच खोडीची भावंडं.
२. 'हाउएव्हर' हे जोडणारं अव्यय नाही, क्रियाविशेषण आहे. दोन वाक्यं धरून ठेवायची ताकद त्यात नाही. 'रेडी'नंतर अर्धविराम किंवा पूर्णविराम, मग 'हाउएव्हर', मग स्वल्पविराम. 'देअरफोर', 'मोरओव्हर', 'अदरवाइज' यांचंही तेच.
३. 'मी फोन करत नाही तोपर्यंत थांबा' यातला 'नाही' इंग्रजीत जात नाही. 'वेट अनटिल आय कॉल यू'. 'अनलेस'चंही असंच, त्याच्या पोटात नकार आधीच आहे. 'अनलेस यू डोन्ट साइन' लिहिलं की अर्थ उलटा होतो.
४. 'म्हणाला की'मधला 'की' प्रश्नापुढे 'दॅट' होऊन बसतो. प्रश्नार्थक शब्द असेल तर तोच जोडतो, 'दॅट' काढा. शब्दक्रम साध्या विधानाचा, आणि 'आस्क्ड' भूतकाळी म्हणून 'वुड': 'ही आस्क्ड मी व्हेन द फाइल वुड कम'.

पाठांतरप्रिय
एकच मंत्र, फॅनबॉइज, म्हणजे सात जोडशब्दांची इंग्रजी आद्याक्षरं. फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. हे सात पाठ केले की काम फत्ते. यांच्याआधी स्वल्पविराम द्यायचा.

मोजपट्टी
काम फत्ते होत नाही. सातांपैकी 'फॉर' आज फक्त पुस्तकी लिखाणात दिसतो, ईमेलमध्ये 'फॉर ही वॉज लेट' लिहिलंत तर वाचणारा दचकेल. 'नॉर' घेतलात तर पुढे क्रम उलटा लागतो: 'ही डिड नॉट रिप्लाय, नॉर डिड ही कॉल'. आणि स्वल्पविराम सरसकट नाही. दोन्ही बाजूंना स्वतःचा कर्ता असेल तरच. 'वी टेस्टेड द फाइल, अँड द क्लायंट अप्रूव्हड इट' इथे द्या. 'वी टेस्टेड द फाइल अँड सेंट इट' इथे नको.

शब्दगोंधळ, तुमच्या वीस मिनिटांसाठी मोजणीची पद्धत सांगतो. स्वतःची पाठवलेली एक ईमेल घ्या. काळ दाखवणारं प्रत्येक क्रियापद अधोरेखित करा. 'वॉज', 'फिनिश्ड', 'विल कम' मोजायचं; 'टू फिनिश', 'फिनिशिंग' मोजायचं नाही. मग जोडणाऱ्या शब्दांभोवती गोल करा. एका पूर्णविरामापासून दुसऱ्यापर्यंत जोडशब्द क्रियापदांपेक्षा बरोबर एकने कमी हवेत.

पहिलं वाक्य: क्रियापदं दोन, जोडशब्द दोन, म्हणजे एक जास्त. दुसरं: क्रियापदं दोन, जोडशब्द शून्य, म्हणजे एक कमी. चौथं: क्रियापदं दोन, 'दॅट' आणि 'व्हेन' मिळून दोन, पुन्हा एक जास्त. सुरुवातीला वीस मिनिटांत दोन-तीन ईमेल होतील, त्या पुरेत.

लालपेन
तिसरं वाक्य मात्र तुमच्या गाळणीतून सुटतं. दोन क्रियापदं, एक 'अनटिल', हिशेब चोख, अर्थ चूक. आणि 'वी ओपन्ड, चेक्ड अँड सेंट द फाइल'मध्ये क्रियापदं तीन, जोडशब्द एकच, तरी वाक्य बरोबर.

मोजपट्टी
यादीतला स्वल्पविराम आणि अर्धविराम जोडशब्दाच्या जागी धरा. 'हू', 'विच' हेही जोडशब्दच. 'आय थिंक ही इज राइट'मध्ये 'दॅट' लपलेला आहे, तोही धरा. 'आयदर-ऑर'सारखी जोडी एकच मोजा. 'अनटिल', 'अनलेस' दिसलं की पुढे नकार आहे का ते वेगळं बघायचं. हे मोजणीत येत नाही, मान्य.

चौकटराजा
'इफ'नंतर 'देन' पण चूक ना मग? जर-तर?

मोजपट्टी
नाही. 'देन' क्रियाविशेषण आहे, मोजायचं नाही. ठेवलं तरी चालतं, काढलं तर वाक्य हलकं होतं. 'ऑल्दो'च्या दुसऱ्या भागात 'स्टिल' याच कारणाने चालतं, 'बट' चालत नाही. चूक आहे ती 'सपोज इफ' या जोडगोळीत. एकच ठेवा.

पाठांतरप्रिय
म्हणजे ऑल्दो असेल तर बट नको. हे लिहून ठेवा.

लालपेन
वर पहिल्याच मुद्द्यात तेच लिहिलंय हो.

जुनाखोड
हल्ली तर लोक 'अँड' आणि 'बट'ने वाक्य सुरू करतात. सरळसरळ चूक आहे आणि कोणी काही बोलत नाही.

रानपाखरू
चूक नाही. 1611 च्या किंग जेम्स बायबलचा पहिला अध्याय काढा, बहुतेक ओळी 'अँड'नेच सुरू होतात. मुलांनी प्रत्येक ओळ 'अँड'ने सुरू करू नये म्हणून शाळेत घातलेला तो बांध आहे. अहवालात एखाद्या परिच्छेदात एकदा 'बट'ने सुरुवात केली तर काही बिघडत नाही. फक्त पुढे स्वल्पविराम देऊ नका: 'बट द चार्ट्स आर मिसिंग'.

अवांतर: स्वल्पविराम क्षुल्लक वाटत असेल तर अमेरिकेतल्या मेन राज्यातला दूधगाड्यांच्या चालकांचा खटला आठवा. जादा कामाचा मोबदला कोणत्या कामांना नाही, याची यादी कायद्यात होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' असं होतं, 'ऑर'आधी स्वल्पविराम नव्हता. डिस्ट्रिब्युशन हे यादीतलं वेगळं काम, की पॅकिंगचाच भाग? 2017 मध्ये अपील न्यायालयाने शब्दरचना संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

जुनाखोड
यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'आधीचा तो ऑक्सफर्ड कॉमा. ब्रिटिश वर्तमानपत्रं देत नाहीत, म्हणून मीही देत नाही.

रानपाखरू
देऊ नका. पण अर्थ दुभंगत असेल तिथे द्या, एवढंच म्हणणं आहे.

घाईगडबड
एवढा खटाटोप कशाला? सॉफ्टवेअरची पैसे भरून मिळणारी आवृत्ती घ्या, सगळं आपोआप सुधारतं.

लालपेन
सगळं नाही. हे वाक्य त्यात टाका: 'वी डिड नॉट चेंज द व्हेंडर बिकॉज द प्राइस वॉज लो'. लाल रेघ येईलच असं नाही, कारण व्याकरण शुद्ध आहे. पण व्हेंडर बदलला की नाही? 'किंमत कमी होती म्हणून बदलला नाही' हा एक अर्थ. 'बदलला, पण किंमत कमी होती म्हणून नव्हे' हा दुसरा. 'नॉट'नंतर 'बिकॉज' आला की दरवेळी ही तपासणी करा. पहिला अर्थ हवा असेल तर 'बिकॉज'चा भाग पुढे आणा: 'बिकॉज द प्राइस वॉज लो, वी डिड नॉट चेंज द व्हेंडर'. असा भाग पुढे आला की त्याच्या शेवटी स्वल्पविराम, मागे असला की सहसा नाही.

निवांतपणी
लालपेन यांना +१. त्यात भर. 'इन केस' आणि 'इफ' एक नव्हेत. 'कॉल मी इफ द सर्व्हर फेल्स' म्हणजे बंद पडला तरच फोन करा. 'सेव्ह अ कॉपी इन केस द सर्व्हर फेल्स' म्हणजे पडो न पडो, कॉपी आधीच करून ठेवा. सूचना लिहिताना ही अदलाबदल महागात पडते.

'व्हेन द क्लायंट विल कन्फर्म, वी विल स्टार्ट' हेही फार दिसतं. 'व्हेन', 'इफ', 'अनटिल', 'अ‍ॅज सून अ‍ॅज' यांच्यानंतर भविष्याची गोष्ट असली तरी वर्तमानकाळ: 'व्हेन द क्लायंट कन्फर्म्स'.

चौकटराजा
मग 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' चूक?

निवांतपणी
ते बरोबर. तिथे 'व्हेन' वेळेची अट घालत नाही, प्रश्न पोटात घेतो. मराठीत 'केव्हा' बसत असेल तर 'विल' चालतं. 'तेव्हा' किंवा 'जेव्हा' बसत असेल तर नाही.

पायाभरणी
'नो सूनर'चं कोणीच बोललं नाही. त्याच्याबरोबर 'दॅन', 'हार्डली'बरोबर 'व्हेन'. शिवाय 'नॉट ओन्ली'. हे आल्याशिवाय जोडणी आली असं म्हणता येत नाही.

लालपेन
'नो सूनर हॅड ही' ईमेलमध्ये लिहू नये, 'अ‍ॅज सून अ‍ॅज' पुरतं. 'नॉट ओन्ली' मात्र कामाचं. दोन्ही तुकड्यांनंतर एकाच जातीचा शब्द हवा. 'ही नॉट ओन्ली चेक्ड द डेटा बट ऑल्सो द फॉर्म्युला' लंगडं आहे, कारण एकीकडे क्रियापद, दुसरीकडे नाम. 'ही चेक्ड नॉट ओन्ली द डेटा बट ऑल्सो द फॉर्म्युला'. 'बोथ'सोबत 'अँड'च, 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' नाही.

शब्दगोंधळ
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. ठरलं असं: मी मोजणार नाही, पाठही करणार नाही आणि काही विकतही घेणार नाही. ऑल्दो, अनलेस, हाउएव्हर, नॉट ओन्ली हे चारही माझ्या लिखाणातून हद्दपार. अँड, बट, सो, बिकॉज, इफ, व्हेन एवढ्या सहांवर भागवेन. वाक्य दोन ओळींच्या पुढे गेलं की पूर्णविराम. अनलेसच्या जागी 'इफ… नॉट'.

पायाभरणी
ही पळवाट झाली.

जुनाखोड
अहवाल बालवाडीचा वाटेल. एका ओळीआड 'बट' येईल.

मोजपट्टी
येऊ दे, कळेल तरी. 'अनलेस' काढून 'इफ… नॉट' घालणं जवळपास नेहमीच खपतं. उलट मात्र नाही. 'आय विल बी सरप्राइज्ड इफ ही डज नॉट रिप्लाय' इथे 'अनलेस' बसणार नाही. पूर्णविराम जिथे द्याल तिथे बघा, एखादा तुकडा 'बिकॉज', 'इफ' किंवा 'व्हेन'ने सुरू होऊन एकटा तर पडत नाही ना. 'द रिपोर्ट इज लेट. बिकॉज द चार्ट्स आर मिसिंग.' यातला दुसरा अर्धवट आहे, तिथला पूर्णविराम काढा.