‘पान’ म्हटलं की सगळी पानं आठवतात का?

खडूधूळ: झाडाचं पान, वहीचं पान, विड्याचं पान, शिवाय ‘पानं घेतली आहेत, चला’ मधलं जेवणाचं पान. तरी पंगतीत ‘पानं मांडा’ म्हटल्यावर कुणी वही शोधत नाही. बाकीचे अर्थ मेंदूला आठवतच नाहीत, की आठवून तो ते बाजूला टाकतो?

पागोळी: आठवून बाजूला टाकतो, तेही आपल्याला पत्ता लागू न देता. डेव्हिड स्विनी यांचा १९७९चा प्रयोग नेमका यावरच होता. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा, आणि चोरून बोलणं ऐकायचं यंत्रही. लोकांना ऐकवलेल्या वाक्यात खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर ‘बग’ सापडतात, म्हणजे शंकेला जागाच नाही. तो शब्द कानावर पडला रे पडला की पडद्यावर काही अक्षरं यायची. हा खरा शब्द आहे का, एवढंच सांगायचं. ‘मुंगी’ पटकन ओळखली गेली, पण ‘हेर’सुद्धा! ‘शिवणे’ हा संबंध नसलेला शब्द मात्र मागे पडला. ‘बग’नंतर जेमतेम एखादा शब्द पुढे जाऊन तपासलं, तर हेर गायब, मुंगी तेवढी शिल्लक.

खडूधूळ: म्हणजे पंगतीतही क्षणभर वही उघडतेच म्हणायची.

उंबरठा: थांबा, ‘पान’ जरा वेगळ्या जातीचं आहे. झाडाचं, वहीचं, जेवणाचं, ही सगळी ‘पर्ण’चीच पिलावळ. ‘नाव’ घ्या. ‘नामन्’वरून आलेलं नाव वेगळं, ‘नौ’वरून आलेली होडी वेगळी, नुसता उच्चार जुळला. जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की एकमेकांना धरून असलेल्या अर्थछटा भरपूर असतील तर सुटा शब्द लवकर ओळखला जातो. अर्थांचा आपसात संबंध नसेल तर उलट वेळ लागतो. काम इंग्रजीवरचं आहे. पण ‘नाव’ला दोन नोंदी आणि ‘पान’ला एकाच नोंदीत १, २, ३ असे अर्थ देणाऱ्या कोशकाराला याचं नवल वाटणार नाही.

पागोळी: पटलं. पण मग ‘मद्यपान’मधलं पान?

उंबरठा: ते ‘पा’ म्हणजे पिणे, या धातूवरून. त्याची नोंद वेगळीच हवी. मराठीत ते एकटं फारसं फिरतही नाही. मद्य, धूम्र, जल असं कुणीतरी पुढे लागतं. त्यामुळे पंगतीत त्याची अडचण नाही. निदान शब्द म्हणून तरी.