सोसायटीच्या गणपतीत मुलांना रोज पेढे हवेतच का?

सोनचाफा
आमच्या सोसायटीचा गणपती दहा दिवसांचा. रोज एका घराकडे प्रसाद, आणि बहुतेकजण पेढ्यांचे बॉक्स आणून मोकळे होतात. मुलगा पाच वर्षांचा आहे. आरती झाली की पोरांची वरात घरोघरच्या गणपतींना जाते, तिथे मोदक, लाडू, बर्फी. नऊ वाजता ताटावर बसवलं की "पोट भरलंय".

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमल्यास ५. या वयाला दिवसाला १३५० कॅलरी धरल्या तर १० टक्के म्हणजे साधारण ३४ ग्रॅम, आठेक चमचे. मी कमिटीला सुचवणार आहे की पहिला आणि शेवटचा दिवस सोडून मुलांना पेढे-बर्फी देऊ नये. काय वाटतं?

उंदीरमामा
दहा दिवसांनी काही बिघडत नाही हो. उरलेलं वर्षभर दुधात चॉकलेटची पावडर, डब्यात जॅम-पोळी, शाळेतून येताना टेट्रापॅकचा ज्यूस, त्यावर कुणी काही बोलत नाही. बाप्पा आले की मात्र सगळ्यांना कॅलरी आठवतात! आणि बाकीची पोरं पेढा खाताना तुमचा एकटा केळं धरून उभा राहणार, त्याचं काय?

सोनचाफा
एकटा कशाला, सगळ्यांनाच म्हणतेय मी. आणि दहा दिवस कुठले? नारळी पौर्णिमेला सुरुवात होते ती तुळशीच्या लग्नाला संपते. मध्ये वाढदिवसांचे केक वेगळेच.

आजोळ
पेढ्याऐवजी गुळाचं काही ठेवा. उकडीचे मोदक, गूळपोळी. गूळ बाधत नाही.

दाढदुखी
आजोळताई, गुळातही बहुतांश साखरच असते. दाताला फरक कळत नाही. मी दातांची डॉक्टर आहे, म्हणून माझं दुखणं सांगते. किती खाल्लं याच्याइतकंच, किंबहुना जास्तच, किती वेळा खाल्लं ते महत्त्वाचं. गोड तोंडात गेलं की जंतू आम्ल तयार करतात, आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास तरी लागतो. तुमची वरात सातला निघते आणि नऊपर्यंत दर वीस मिनिटांनी एक घास. म्हणजे दातांना उसंतच नाही. तेच दोन मोदक जेवणाच्या ताटात वाढा, रात्री स्वतः हातात ब्रश घेऊन त्याचे दात घासा (पाच वर्षांच्या मुलाला स्वतःला नीट जमत नाही), माझी तक्रार नाही. सरसकट बंदीच्या मी विरोधात आहे. घरी कुलूप लावलेलं गोड मुलं शेजारी जाऊन दुप्पट खातात.

पाचवा_मजला
पण गोड खाऊन पोरं उधळतात त्याचं काय? आरतीनंतर आमच्या पॅसेजमध्ये कुरुक्षेत्र असतं.

उंदीरमामा
रात्री साडेआठला वीस पोरं, ढोल, झांजा आणि अभ्यासाला सुट्टी. पेढा न देताही उधळतील.

दाढदुखी
उंदीरमामांशी इथे सहमत. १९९४ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. मुलांना साखर न घातलेलं पेय दिलं आणि काही आयांना सांगितलं की त्यात भरपूर साखर होती. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली.

रानजाई
माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. आधीच सांगते, तो गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. ती पेढा खाऊ शकते, पण आधी अंदाज घेऊन इन्सुलिन घ्यावं लागतं. मला पेढ्याचा त्रास नाही. त्रास आहे तो "आ कर" म्हणून तोंडात कोंबणाऱ्या काकवांचा. नको म्हटलं की "प्रसादाला नाही म्हणू नये गं" आणि वर दयेची नजर. सोनचाफा, बंदीऐवजी कमिटीला एवढंच सांगा की प्रसाद हातावर द्या, तोंडात भरवू नका. कागदी पुडीत दिलात तर उत्तम. घरी नेऊन जेवणाबरोबर खाता येतो.

आजोळ
भरवण्यात माया असते. पण आई नको म्हणत असेल तर हट्ट करू नये, हे मान्य.

सोनचाफा
पुडी पटली. पण पुडीत रोज पेढाच का? खिरापत, सुंठवडा, काकडी-खोबरं, हे प्रसादच होते की.

उंदीरमामा
खिरापतीतही पिठीसाखर असते आणि खारीक दाताला चिकटते, विचारा डॉक्टरीणबाईंना. शिवाय दीडशे माणसांसाठी खोबरं किसायला कोण येणार? पेढे आणायला एक फोन पुरतो. मी तीन वर्षं कमिटीत आहे, किसणी घेऊन कुणी फिरकत नाही.

पाचवा_मजला
विसर्जनाला वाटली डाळ आम्ही करू. हरभऱ्याची डाळ आदल्या रात्री भिजवावी लागेल, तेव्हा नेमकी किती माणसं ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. आणि मुलांसाठी बिनमिरचीची वेगळी काढायची का, तेही.