गुच्छांच्या टकरीत दीर्घिकांचा वायू आघाततरंगामुळे निघून जातो का?

प्रश्न
दोन दीर्घिकागुच्छ एकमेकांत मिसळताना त्यांच्या तप्त वायूत आघाततरंग (ध्वनीहून वेगाने पुढे सरकणारा, वायूला एकदम दाबणारा आणि तापवणारा तरंग) निर्माण होतात आणि दीर्घिकांचा स्वतःचा वायू निघून जातो, ही दोन विधाने बहुतेक लेखांत शेजारी-शेजारी येतात. त्यामुळे पहिले कारण व दुसरे परिणाम, असा समज होतो. तो बरोबर आहे का? शिवाय गुच्छातील वायू इतका विरळ असतो की लिटरभर जागेत एखादाच कण सापडावा. मग त्यात धारदार सीमा तयार होतेच कशी? बुलेट गुच्छाच्या, म्हणजे एकमेकांतून आरपार गेलेल्या एका मोठ्या व एका लहान गुच्छाच्या, क्ष-किरण प्रतिमेत बाणाच्या टोकासारखी दिसणारी कड हाच आघाततरंग समजावा का?

प्रतिसाद १
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. ती ठळक कड आघाततरंगाची नाही. ती लहान गुच्छाच्या थंड आणि दाट गाभ्याची पुढची सीमा आहे, जिला कोल्ड फ्रंट म्हणतात. आघाततरंग तिच्या पुढे असून बराच फिकट आहे. दोन्ही ठिकाणी घनता एकदम बदलत असल्याने केवळ तेजस्वितेवरून निवाडा होत नाही, तापमान मोजावे लागते. आघाततरंगात दाट बाजू अधिक तापलेली असते आणि दाबही उसळतो; कोल्ड फ्रंटमध्ये दाट बाजूच थंड असते आणि दाब जवळपास सलग राहतो. अबेल २१४२ या गुच्छातील कडा आघाततरंगाच्या नाहीत, हे २००० साली चंद्रा दुर्बिणीच्या निरीक्षणांतून याच कसोटीवर ठरले.

बुलेटमधील तरंगाचा माख अंक, म्हणजे त्या वायूतील ध्वनीच्या वेगाच्या किती पट वेग आहे तो आकडा, सुमारे ३ आहे. त्या वेगाला घनता तिप्पट आणि तापमान साधारण पावणेचारपट होते. माख अंक कितीही वाढला तरी घनता चौपटीपलीकडे जात नाही.

विरळपणाची शंका रास्त आहे. दहा कोटी केल्विनच्या आसपास कणांचा टक्करींमधला सरासरी प्रवास हजारो प्रकाशवर्षांचा भरतो. मात्र मायक्रोगॉसइतक्या (गॉस या एककाच्या दशलक्षांश भागाइतक्या) क्षीण चुंबकीय क्षेत्रातही प्रोटॉन लाखभर किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो. त्यामुळे कणांच्या प्रत्यक्ष टकरींचे काम चुंबकीय व विद्युत क्षेत्रे करतात आणि सीमा धारदार राहते.

प्रतिसाद २
वायू काढून नेणारा मुख्य घटक म्हणजे समोरून येणाऱ्या वायूचा दाब, अर्थात रॅम प्रेशर. तो घनता गुणिले वेगाचा वर्ग इतका असतो, आणि दीर्घिकेचे गुरुत्व तिच्या तबकडीतील वायूला जितके धरून ठेवते त्याहून तो वाढला की वायू सुटतो. ही अट गन आणि गॉट यांनी १९७२ मध्ये मांडली. यासाठी आघाततरंग असलाच पाहिजे असे नाही. ईएसओ १३७-००१ ही दीर्घिका अबेल ३६२७ या गुच्छात शिरताना दोन लाख प्रकाशवर्षांहून लांब वायूची शेपटी मागे टाकते आहे आणि त्या शेपटीत नवे तारेही जन्मत आहेत.

तरीही टकरीचा संबंध नाकारता येत नाही. सापेक्ष वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. शिवाय आघाततरंग ओलांडून गेला की दीर्घिकेभोवतीचा वायू दाट होतो आणि त्याचा वेगही एकाएकी बदलतो. म्हणजे आघाततरंग हे मूळ कारण नसले, तरी तो परिस्थिती तीव्र करू शकतो. तारे मात्र अंतराअंतरावर असल्याने त्यांना याची झळ लागत नाही.

प्रतिसाद ३
एक सावधगिरी: बुलेटमधील आघाततरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ४७०० किलोमीटर निघतो, पण तो लहान गुच्छाचा वेग नव्हे. समोरचा वायूही त्याच्याकडे ओढला जात असल्यामुळे, संगणकीय प्रतिरूपांनुसार गुच्छाचा वेग सुमारे २७०० पुरेसा ठरतो.

प्रश्नकर्ता
आभार. मग लहान समूहांत, जिथे वेग सेकंदाला काहीशे किलोमीटरच असतो, तिथे हे सारे नगण्य मानावे का?

प्रतिसाद २
सर्वसाधारणपणे तिथे हा दाब बराच दुबळा असतो आणि दीर्घिकांची परस्परांवरील भरती-ओहोटीची ओढ अधिक परिणामकारक ठरते. पण स्टीफनचे पंचक हा दीर्घिकांचा लहान समूह हा अपवाद पाहण्यासारखा आहे. त्यात आधीच्या ओढाताणीत बाहेर फेकला गेलेला वायू दीर्घिकांमध्ये पसरलेला आहे आणि एनजीसी ७३१८बी ही दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने त्यावर आदळते आहे. तिथल्या आघाततरंगाच्या पट्ट्यात तप्त वायूसोबतच रेण्वीय हायड्रोजनचे प्रखर अवरक्त उत्सर्जन स्पिट्झर दुर्बिणीला आढळले, म्हणजे एवढ्या धक्क्यानंतरही वायूचा काही भाग रेणूंच्या रूपात आहे.