बेघर लोकांबद्दल शिकवलं, आता मुलांना खरंच काहीतरी करायचंय, काय करू देऊ?

आठवीच्या_बाई
नमस्कार. आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. मानवी हक्कांचा धडा चालू होता, १९४८ च्या जाहीरनाम्यातलं कलम २५ वाचलं, त्यात अन्न, वस्त्र, औषधोपचाराबरोबर घराचाही हक्क आहे, आणि एका मुलीने विचारलं बाई मग रस्त्यावर झोपतात त्यांचा हक्क कोणी काढून घेतला? मला धड उत्तर देता आलं नाही. तिथून तीन आठवडे आम्ही हाच विषय करतोय आणि मुलं अगदी मनापासून गुंतलीत. आता १० ऑक्टोबरला जागतिक बेघर दिन येतोय तर त्यांचं ठरलंय की प्रत्येकाने एक ब्लँकेट आणायचं, रात्री जाऊन वाटायचं, फोटो काढून शाळेच्या पेजवर टाकायचे. एका ग्रुपला तर एक रात्र ग्राउंडवर झोपून अनुभव घ्यायचाय. मुख्याध्यापक हो म्हणालेत. पण मलाच कुठेतरी खटकतंय आणि नेमकं काय ते सांगता येत नाहीये. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा.

रात्रपाळी
मी सहा वर्षं निवाऱ्यात रात्रपाळीला आहे. बाई तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे. थंडीच्या तोंडावर सगळेच ब्लँकेट देतात. ज्या माणसाचा सगळा संसार एका पिशवीत आहे त्याला चौथं ब्लँकेट दिलं तर तो ते ठेवणार कुठे? शेवटी तिथेच टाकून पुढे जातो आणि मग लोक म्हणतात बघा यांना किंमत नाही. आमच्याकडे कायम कमी पडतात ते मोजे, नवीन अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड आणि कागदपत्रं भिजू नयेत म्हणून झिपचे प्लास्टिक पाऊच. हे शेवटचं तर कुणाच्याच डोक्यात येत नाही. ओळखपत्र हरवलं की काम मिळत नाही, बँकेत खातं उघडत नाही, आणि नवीन काढायला गेलं की पहिला प्रश्न पत्ता काय. त्यामुळे काहीही गोळा करायच्या आधी जवळच्या निवाऱ्यात फोन करून विचारा आत्ता काय हवंय. फोन मुलांनाच करू द्या.

फोटोचं मात्र नाहीच. मुलांच्या हक्कांच्या १९८९ च्या करारात कलम १६ खासगीपणाचं आहे, ते वर्गात वाचा आणि मुलांना विचारा, तुम्ही झोपलेले असताना कोणी तुमचा फोटो काढून पेजवर टाकला तर चालेल का?

गणिताचे_सर
ग्राउंडवर झोपायचं आम्ही एका वर्षी केलंय, परत कधीच नाही. मुलांना मजा आली, रात्रभर गप्पा, हसणं, सकाळी पालक गाडी घेऊन हजर. बेघर असण्यात सगळ्यात अवघड काय तर ते कधी संपणार माहीत नसतं, आणि तेवढंच त्या रात्रीत नव्हतं.

नंतरच्या वर्षी आम्ही नकाशा केला. शाळेच्या आसपास सार्वजनिक संडास किती, पिण्याच्या पाण्याचे नळ किती, रात्री नऊनंतर त्यातलं उघडं काय राहतं, कुठल्या बाकांना मधे लोखंडी दांडे बसवलेत म्हणजे कोणी आडवं होऊ नये. मुलांनी स्वतः फिरून मोजलं (मोठी माणसं बरोबर होती आणि कुणाला प्रश्न विचारत बसायचं नाही हा नियम), मग स्थानिक प्रशासनाला पत्र लिहिलं. दोन महिने उत्तर नाही. मुलांनी परत लिहिलं, आणि एक संडास रात्री उशिरापर्यंत उघडा राहायला लागला. एकच. पण माझ्या मते शंभर ब्लँकेटपेक्षा ते मोठं काम झालं. मग मुलंच पुढचं विचारायला लागली की सर घरच का नाही देत, तेव्हा फिनलंडचं सांगितलं, २००८ पासून त्यांनी आधी घर मग बाकीचं असं धोरण घेतलं, निवाऱ्यांच्या इमारतींचे फ्लॅट केले आणि तिथे बेघरांची संख्या बरीच खाली आली. त्यावर दोन तास वाद चालला वर्गात.

रात्रपाळी
सर नकाशा उत्तमच. पण देणं बंद नका करू हो, पत्राचं उत्तर येईपर्यंत माणसाचे पाय ओलेच असतात. दोन्ही करा.

खिडकीपाशी
मी इथे सहसा लिहीत नाही. सातवीत असताना आमचं घर गेलं. बाबांचं आजारपण, नोकरी गेली, भाडं थकलं, मग चार महिने मावशीकडे, त्यानंतर बाबांच्या मित्राकडे एका खोलीत सहा जण. अभ्यास जिन्यात बसून करायचे. शाळेत कुणाला माहीत नव्हतं कारण युनिफॉर्म धुतलेला असायचा आणि रस्त्यावर झोपत नाही म्हणजे बेघर नाही असं मलाही वाटायचं. फिनलंडमध्ये नाइलाजाने नातेवाइकांकडे राहणारेही बेघर म्हणून मोजतात हे मला मोठेपणी कळलं आणि त्या दिवशी मी खूप रडले.

त्याच वर्षी शाळेत सूचना आली, प्रत्येकाने एक ब्लँकेट आणावं. आमच्याकडे दोनच होती. मी त्या दिवशी पोट दुखतंय सांगून घरी राहिले, घरी म्हणजे त्या खोलीत. बाई तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी बसलेली असू शकते, ती हात वर करणार नाही. प्रत्येकाने हा शब्द तेवढा काढा. आणि शिकवताना ते लोक ते लोक असं म्हणू नका.

आठवीच्या_बाई
काय लिहू, तीनदा वाचलं. सूचना आजच मागे घेतली, फोटो रद्द, झोपायचं पण रद्द. उद्या दोन मुलं निवाऱ्यात फोन करणार आहेत, काय विचारायचं ते आत्ता फळ्यावर लिहून काढलंय. नकाशा दिवाळीनंतर.

खिडकीपाशी, एक विचारू का, चालणार नसेल तर सोडून द्या. वर्गात असं कोणी असेल तर त्या मुलीला न दुखावता मी नेमकं काय करू शकते? तेव्हा कुणी काय केलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं?

खिडकीपाशी
एकीने केलं होतं. लायब्ररीच्या मॅडम शाळा सुटल्यावर कपाटं लावत बसायच्या आणि मला म्हणायच्या, मी आहे अजून, तू बस. रोज सहापर्यंत. कधीच काही विचारलं नाही.