पहाटे चालायला जाणाऱ्यांनो, जरा मदत हवी आहे

आईला शुगर आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, तर ती पहाटे अंधारातच एकटी कोल्हापूरच्या कळंबा तलावाकडं निघते, अंगावर गडद शाल. आता उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत, दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही आणि टेपचा आवाज एवढा की ड्रायव्हरला काय ऐकू येत असेल देव जाणे. फुटपाथ नाही तिथं उजव्या बाजूनं चाल, समोरची गाडी दिसती म्हणून सांगतोय, पण सवय डावीकडची. चमकणारं जाकीट लक्ष्मीपुरीत मिळेल काय? आणि कुत्र्यांसाठी काठी न्यावी का, का त्यानं जास्तच अंगावर येतात? रंकाळ्यावर माणसं असतात पण आम्हाला लांब पडतं. कळंब्याकडं बायकांचा ग्रुप जात असेल तर सांगा की, लई काळजी वाटती.